हातचा एक

खिडकीतून आत सरकवलेला फॉर्म ते आधी उलटा करून पाहत, मग सुलटा. मग कानावरची पेन्सिल काढत म्हणत, “दहावीत काय दिवं लावलंस ते घरी सांग. हितं अकरावीचं बोल.”

अध्यापक विद्यालयातले हे प्रवेशाचे कारकून. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे, आणि त्या एका वर्षाच्या मार्कांवर मास्तरकी मिळे नाहीतर हुके. ठरावीक विषयांची बेरीज आपणच करून फॉर्मवर लिहायची. कुणाची चुकली की ते अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असे ओरडत, “मास्तर व्हायला निघालाय आणि बेरीज येत न्हाय व्हय?” असा खडूस माणूस तुम्हीही कुठल्यातरी खिडकीत पाहिला असेल. मला तर ते मुळीच आवडले नव्हते.

यादी लागायच्या आदल्या दिवशी हे गृहस्थ सायकल दामटत शिवाजी पेठेत आमच्या दारात हजर! हातात माझा फॉर्म.

“पावणं, बेरीज पुन्ना करा की.”

मी केली. हातचा एक विसरलो होतो. दहा मार्क वाढले. खाडाखोड झाली की विद्यार्थ्याची सही लागे, तेवढ्यासाठी ते आले होते. आईनं टाकलेला चहाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली. शेवटचं नाव माझं! त्याखाली रेघ, आणि रेघेखाली जागा न मिळालेल्यांची नावं. मी नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात शिपाई म्हणाला, “रेघंखालचं नाव वाचलंस काय? भाऊसाहेबांची थोरली हाय ती. तुझ्यापरास एक मार्क कमी.”

माझा फॉर्म त्यांनी तसाच पुढे सरकवला असता तर कुणाला कळणार होतं? मलासुद्धा नाही. खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

“सरक की बाजूला,” ते खेकसले. “मागं रांग हाय.”

पुढे मी कुरुंदवाडला मास्तर झालो. बारा-तेरा वर्षांनी कळलं, भाऊसाहेब गेले. घरी भेटायला गेलो तर तीच थोरली लेक शिलाई मशीनवर बसली होती. मी कोण ते सांगितलं. वाटलं, आता ही मला हाकलून देणार.

तिनं मशीन थांबवलं.

“तुमची बेरीज बाबांनी एकदाच तपासली,” ती म्हणाली. “माझी घरी बसून सात-आठ वेळा केली हुती. एखादा मार्क कुठं घावतोय का, बघत हुते.”