राहणार नाही, असं आईने लिहून दिलं

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं नाव सुनंदा वानखेडे. वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, नागपूर. केव्हा झाला: दोन वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका मंगळवारी. साउथहॅम्प्टनमध्ये सकाळचे सव्वाअकरा, नागपुरात दुपारचे पावणेपाच. केला कोणी? मी. त्यांच्या मुलीने.

भाडेकरूंसाठी पत्रकं लिहिताना मी हेच शिकले. आधी नाव, मग वेळ, मग कोणी केलं ते. इतकी वर्षं त्या तिसऱ्या जागी कोणीतरी घरमालक असायचा.

नागपूर सोडलं तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. विमानतळावर आई एकटीच आली होती. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून मी काउंटरवरून परत दारापर्यंत आले आणि लोणच्याची बरणी तिच्या हातात दिली. ती बरणी पोटाशी धरून ती म्हणाली, "जा बाप्पा. पण तिकडे दुसऱ्याच्याच घरात म्हातारी नको होऊ. आपल्या भिंतीला आपण खिळा ठोकावा, कोणाला विचारायला लागू नये."

त्या भिंतीसाठी आईबाबांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, रिंग रोडच्याही पलीकडे. रविवारी स्कूटरवरून आम्ही तिघं जायचो. बाबा चुन्याची फक्की टाकून जमिनीवर खोल्या आखायचे. पावसाळ्यात सगळं धुऊन जायचं, दिवाळीनंतर पुन्हा आखायचे, आणि दर वेळी आई स्वयंपाकघर फूटभर वाढवून घ्यायची. "अहो, दोघी उभ्या राहिलो की कोपराला कोपर लागते!" ती दुसरी म्हणजे मी. माझी उंची तेव्हा तिच्या कमरेएवढी. ते घर कधी बांधलं गेलं नाही.

इकडे आले आणि सहा वर्षांत चार घरं बदलली. कपाटामागे काळी बुरशी. भिंतीला खिळा नाही, फोटो लावायचा तर ब्लू टॅकने, त्या चिकट निळ्या गोळीने. मालकाचा स्वतःचा हप्ता वाढला की तो घर विकायला काढणार आणि आम्हाला दोन महिन्यांची नोटीस. मी चिडले, भाडेकरूंच्या गटात गेले, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, दारात पत्रकं वाटली. आमच्या प्रत्येक पत्रकात एक मागणी ठरलेली असायची: माणसाला समजेल अशा भाषेत सांगा, मग सही घ्या.

चौथी नोटीस आली तेव्हा मी घर घ्यायचं ठरवलं. गटातल्यांनी टोमणे मारले, "झालीस का तूही मालकीण?" मारू देत. काळ तर असा की सोमवारी सांगितलेला व्याजदर गुरुवारी नसायचा. ऑफिसात रोज कोणाची तरी खुर्ची रिकामी. घ्यावं तर भीती, थांबावं तर भीती. हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात तिने प्लॉट विकला. मला विचारलं नाही, कळवलं.

घराच्या डिपॉझिटला, म्हणजे आधी भरायच्या रकमेला, आईने पैसे दिले की इथली बँक तिच्याकडून एक पत्र मागते. माझा मॉर्गेज ब्रोकर, म्हणजे गृहकर्ज जुळवून देणारा, रीडिंग गावचा, मूळचा पुण्याचा. म्हणाला, "अगं, स्टँडर्ड आहे. सगळ्यांचे आईवडील करतात. शुक्रवारपर्यंत आलं नाही तर रेट गेला, मग माझ्याकडे रडू नकोस."

एक पान इंग्रजी. ही रक्कम भेट आहे. या घरावर माझा कोणताही हक्क नाही. मी या घरात राहणार नाही.

मी लिहिलं, "आई, प्रिंट काढून खाली सही कर, फोटो पाठव. अर्जंट." वीस मिनिटांत फोटो आला. शाळेच्या हजेरीपटावर करायची तशीच सरळ, स्वच्छ सही. एक शब्दही विचारला नाही. मी "थँक्स" लिहिलं आणि मीटिंगला गेले.

चाव्या मिळाल्या. मी म्हटलं, "ये." तिचा गुडघा दुखत होता. मग शेजारच्या पोरीचं लग्न होतं. मग इथली थंडी. दोन वर्षं मी मैत्रिणींना सांगत होते, आईला तिकडेच करमतं.

गेल्या महिन्यात तिला न विचारता तिकीट काढलं आणि फोन केला. तिने तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "अवं, पण मी आली तर तुझ्या लोनला काही होईल का?"

"काय होणार?"

"मी लिहून दिलं आहे ना, राहणार नाही म्हणून. पंधरा दिवस चालते का? नाहीतर जवळपास एखादं हॉटेल पाहून ठेव."

पत्र तिने वाचलं होतं. शब्दाशब्दाखाली पेन्सिलचं टोक फिरवत, ती इंग्रजी वाचते तसं. मग सही केली. आणि दोन वर्षं घरी बसून ती माझं घर वाचवत होती.

बँकेला हवं होतं ते एवढंच, की उद्या माझे हप्ते थकले तर आईने घरावर हक्क सांगू नये. लेकीकडे महिना-दोन महिने येण्याला कोणाचीच ना नव्हती. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. माझी सही घेण्याआधी वकिलाने मला तासभर समजावलं. जिने आपलं आखलेलं स्वयंपाकघर विकलं, तिला समजवायला कोणी फोन उचलला नाही. बँकेने नाही, ब्रोकरने नाही. आणि समजेल अशा भाषेत सांगा म्हणून दुसऱ्यांच्या दारात ओरडणाऱ्या मीही नाही.

ती येतेय. परवा तिने विचारलं, स्वयंपाकघर केवढं आहे? मी फोन कानाला लावून पावलांनी मोजलं. सात पावलं. "लहानच आहे बाप्पा," ती म्हणाली. घर म्हणजे काय ते मला आता एवढंच कळतं: जिथे ती येऊन नावं ठेवू शकते, ते. भिंतीला अजून एकही खिळा नाही. पहिला तिने ठोकायचा आहे.

आता तुम्ही. रीडिंगमध्ये, इल्फर्डमध्ये, जिथे कुठे आईबापांच्या पैशावर घर घेतलं असेल, तुमच्या ईमेलमध्ये असलंच एक पत्र पडलं आहे. शोधा. या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना ते मराठीत वाचून दाखवा, ओळ न ओळ, 'राहणार नाही' ही ओळसुद्धा. स्टँडर्ड आहे म्हणू नका. मग विचारा, इतके दिवस का आला नाहीत? खरं उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.