पाण्याच्या ग्रुपवर पोलीस

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, तोही वेळ न सांगता. म्हणून मी बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नियम एकच: जिच्याकडे आधी धार लागेल तिने "आलं" एवढंच लिहायचं. सुप्रभात नाही, फुलं नाहीत, देव नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात पाण्याविना अकरावा दिवस उजाडला आणि समोरच्या घरातल्या बाईने नियम मोडला. "सरपंचाच्या घरी टँकर अन् आमच्या घरी टमरेल," असं लिहिलं. सगळ्या हसल्या. तिसऱ्या दिवशी ठाण्यातला शिपाई माझ्या दारात.

"ग्रुप तुमचाच ना ताई? वरून लक्ष हाय. बायकांले सांगा, जपून लिहा."

सरकार सगळं वाचतं, असं संध्याकाळपर्यंत गल्लीत पक्कं झालं. एकेक करून सगळ्या ग्रुप सोडून गेल्या. समोरचीने तर मोबाइल ज्वारीच्या कोठीत खोल पुरला, म्हणजे त्याला काही ऐकू जाणार नाही. तिची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती, चारित्र्य पडताळणी बाकी होती.

"काऊन लिहिलं वं मी! पोरगी दोन वर्सं चिखलीच्या मैदानावर धावली, अन् मी एका ओळीत घात केला."

"टमरेल म्हटल्यानं नोकरी जात नाही," मी म्हणाले. खात्री मलाही नव्हती.

दोन दिवसांनी नळ आला. कुणी कुणाला कळवलं नाही. अर्धी गल्ली कोरडी राहिली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. समोरचीला घेऊन ठाण्यात गेले आणि साहेबांना म्हटलं, "आम्ही कोणता नियम मोडला, ते लिहून द्या."

साहेबांनी शिपायाला बोलावलं. लेखी काहीच नव्हतं. सरपंचाने त्याला मोबाइलवर आमच्या ग्रुपवरच्या त्या ओळीचा फोटो दाखवला, म्हणून तो आला होता. साहेब समोरचीला म्हणाले, "बाई, पडताळणीत गुन्हे पाहतात. टमरेल नाही पाहत."

परत येताना ती एकदम थांबली. "म्हंजे वरून नाही, आपल्यातूनच गेलं? कोण असंन वं?"

"शोधू नको. तिलेही पाणी लागते."

सरकार आपलं वाचतं का, हे मला अजून माहीत नाही. वाचत असेलही, आणि त्याची काळजी वाटायलाच हवी. कुठल्या कायद्याने वाचता, हे विचारायलाही हवं. पण आम्ही तर कुणी विचारायच्या आधीच तोंडं शिवून घेतली होती, आणि त्यात गेलं ते आमचंच पाणी.

मुलगी आता ट्रेनिंगला आहे. बायका ग्रुपवर परतल्या, मी नियमही सैल केला. परवा समोरचीने लिहिलं, "आलं. गढूळ हाय. सरपंचाले दाखवायचं असंन तं दाखवा, पण फोटो नीट काढा."