माझ्या बोटांवर तिचं नाव

सन दोन हजार एकोणीस. मी कागदावर अडुसष्ट वर्षांचा आणि आईच्या सांगण्याप्रमाणं एकाहत्तर. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी मी रांगत होतो, असं ती सांगायची. पुढं शाळेत घालताना मास्तरांनी आमच्या सगळ्यांनाच एक जून लिहून टाकलं. शाळा मी तिसरीत सोडली, तारीख मात्र चिकटली ती चिकटलीच.

त्या साली बिंदुसराचं धरण तळापर्यंत आटलं होतं. पाली गावाकडं जाताना रस्त्यावरून नुसती भेगाळलेली माती दिसायची. कडबा संपला, सरकी परवडेना. बाजारात बैल न्यावा तर दाव्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. माझ्याकडं दोन बैल आणि एक गाय. बैल मी वासरापासून वाढवलेले. फेब्रुवारीत गावच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली, तेव्हा पहिल्या दिवशी दावण बांधणाऱ्यांत मी होतो.

छावणीचा नियम असा, की मालकाचा आधार नंबर पाहिजे आणि रोज सकाळी मशीनवर अंगठा पाहिजे. दिवा हिरवा झाला की चारा आणि पेंड. माझ्याकडं नंबरच नव्हता. कावून नव्हता, हे मला ठाऊक होतं. दुसरं कुणाला ठाऊक असेल तर माझ्या बायकोला.

त्याच्या सात-आठ वर्षं आधी शाळेत कार्ड काढायचं शिबिर बसलं होतं. आम्ही दोघं उन्हात तीन तास रांगेत उभे. आधी तिला खुर्चीत बसवलं. डोळ्यांचा फोटो झाला, तोंडाचा झाला. बोटं ठेवली तर दिवा लाल. पुन्हा लाल. वीस हंगाम तिनं कोयता धरलेला, ऊस तोडलेला, पाचट ओढलेलं. बोटांच्या रेघा घासून सपाट झालेल्या. मशीनवाला फडक्यानं तिची बोटं पुसत म्हणाला, "मावशी, दाबा. आणखी दाबा." मागं रांग बोंबलायला लागली. ती खाली मान घालून बसलेली, परीक्षेत नापास झाल्यासारखी.

मला राग आला. मी त्याला म्हणालो, "हिची ऱ्हाऊ दे, माझी बोटं घे."

मशीनवाला बघतच राहिला. "चालत न्हाई ओ तसं."

"कावून न चालायला? सोसायटीच्या फॉर्मवर हिच्या नावापुढं मी सही करतो. ग्रामपंचायतीत मीच करतो. जन्मात हिनं कुठं अंगठा दिलाय? माझी बोटं अन् हिची काय वेगळी हायेत व्हय?"

त्यालाही जेवायला जायचं होतं. मी वाकून तिच्या खांद्यावरून हात घातला आणि माझी दहाही बोटं टेकवली. दिवा एका झटक्यात हिरवा. मला तर अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

मग मी माझ्या नावानं बसलो, पुन्हा तीच बोटं दिली. तिचं कार्ड टपालानं आलं. माझं आलं नाही. तालुक्याला जाऊन दोनदा नव्यानं भरलं, दोन्ही वेळा उत्तर एकच, हा माणूस आधीच नोंदलेला आहे. दुसऱ्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण मी तोंड उघडलं नाही. म्हणालो, मला नंबर कशाला पाहिजे? बीडपासून तेलगावपर्यंत कुणालाही विचारा, मी कोण ते सांगतील. रेशनच्या दुकानात तिच्या नावावर मी अंगठा द्यायचो आणि मशीन गप बसायचं. चाललं होतं.

छावणीत म्हणून जनावरं तिच्या नावावर चढली. अंगठा माझा. सोसायटीचे सेक्रेटरी रोज सकाळी भोंग्यावर नावं पुकारायचे. आधी तिचं नाव, मग माझं, मग आडनाव. पन्नास वर्षांच्या संसारात मी बायकोचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, आमच्यात घेत नाहीत. ते नाव भोंग्यावरून साऱ्या माळावर घुमायचं आणि मी उठून "हाय" म्हणायचो. पहिल्या दिवशी माणसं हसून हसून लोळली.

"या मावशी, या. पदर सावरा."

"आरं बे, मावशीला मिशा कवा फुटल्या?"

माझ्या वयाचे गडी, जनावरं मरायला टेकलेली, हसायला दुसरं काय होतं? मीही हसून घेतलं. बैल चारा खात होते, तेवढं मला पुरे होतं.

एप्रिल संपता संपता तालुक्याहून एक मॅडम तपासणीला आल्या. पुष्कळ ठिकाणी कागदावरच जनावरं उभी केल्याची बोंब होती, म्हणून मालक समोर पाहिजे म्हणाल्या. सेक्रेटरींनी निरोप धाडला, बायको हातातलं काम टाकून आली. मॅडमनी तिचा अंगठा ठेवायला लावला. लाल. दुसरं बोट, लाल. मग त्यांनी रजिस्टर पाहिलं.

"रोज तर हिरवा येतोय. कुणाचा येतोय?"

कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. मी अंगठा टेकवला. हिरवा.

मॅडम थंडपणे म्हणाल्या, "फोटो बाईंचा, बोटं तुमची. बाबा, मग हा नंबर कुणाचा समजायचा मी?"

भोवती पन्नास माणसं. मी म्हणालो, "मशीनची चूक हाय, मॅडम. शिबिरवाल्यानं घोळ घातला. आमी अडाणी माणसं, आमाला काय कळतंय?"

स्वतःला अडाणी म्हणणारा मी नव्हे. त्या दिवशी म्हणालो.

माणसं एकदम माझ्या बाजूनं उठली. "मशीनच खोटी हाय!" "माझ्या आईचा बी अंगठा लागत न्हाई, तीन महिने रेशन न्हाई तिला!" हे मात्र खरं होतं. त्या म्हातारीसारख्या चार-पाच जणी गावात होत्या, त्यांचा काही गुन्हा नव्हता. त्यांच्या खऱ्या गाऱ्हाण्याखाली माझं खोटं झाकून गेलं.

मॅडम म्हणाल्या, "चूक कशी झाली ते तालुक्याला आधारच्या केंद्रावर लेखी द्या. दुरुस्तीची पावती उद्या संध्याकाळपर्यंत मला दाखवा. नाहीतर ही तीन जनावरं दावणीवरून सोडावी लागतील. एकाला सूट दिली तर सगळी छावणी बंद होईल."

त्या गेल्यावर सेक्रेटरींनी तक्रारअर्ज लिहिला. शिबिरातल्या मशीनवाल्यानं अंगठ्यांची अदलाबदल केली, त्याच्यावर कारवाई करावी. तो माणूस आता तालुक्याला त्याच केंद्रात कामाला होता. अर्जाखाली चाळीसभर सह्या आणि अंगठे झाले. माझी सही सगळ्यात वर.

सेक्रेटरी म्हणाले, "आबा, आता बघा कसा सरळ होतो."

दिवस कलायच्या वेळी मी आणि बायको बैलांपाशी होतो. ती पाण्याची बादली धरून उभी. म्हणाली, "त्या माणसाची नोकरी जाईल व्हय ओ?"

"जाऊ दे. त्यानं कावून करू दिलं?"

"तुमी ऐकलं असतं का त्याचं?"

मी बैलाचं दावं उगाच घट्ट केलं.

"ते माझी बोटं पुसत बसलं होतं. आणखी चार वेळा पुसली असती. तुमाला दम निघाला न्हाई."

"तुझी लाज राखली मी. समदी रांग बघत होती."

"माझी लाज?" तिनं बादली खाली ठेवली. "माझी बोटं लागली नसती तर न्हाई म्हणून लिहिलं असतं त्यांनी, कामानं झिजली म्हणून. त्यात माझी काय लाज? आता मी अंगठा ठेवला की मशीन म्हणतंय ही ती न्हाईच. उद्या तुमी नसलात, तर मी कोण म्हणून सांगू?"

बैलानं बादलीत तोंड घातलं, पाणी संपवलं, मी रिकामी बादली उचलली. खरं लिहून द्यायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची पंचाईत. पोलिसाचीही भीती होतीच, सरकारी कागदावर दुसऱ्याच्या नावानं बोटं दिलेली. आणि खोटंच लिहून दिलं तर त्या माणसाला समोर बसवून विचारणार, तो सगळं सांगणार. मग बैलही जाणार आणि मीही. रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत भोंगा लागायच्या आत मी पोचलो. माणसं पेंडीसाठी जमली होती. सेक्रेटरींना म्हणालो, "कालचा अर्ज फाडा."

"कावून, आबा?"

"मशीनवाल्यानं काही केलं न्हाई. तो नको म्हणत होता. बायकोच्या जागी बोटं मी दिली, माझ्या मनानं दिली."

मागून एक जण म्हणाला, "मंग काल आमच्याकडून सह्या कशाला घेतल्यास बे?" मी म्हणालो, "चुकलं." तो थुंकला आणि बैलाकडं वळला. सेक्रेटरींनी अर्ज फाडला. पण माझ्याकडं न बघता.

बायको रस्त्याला थांबली होती. पहिल्या गाडीनं आम्ही तालुक्याला गेलो. केंद्रावर तोच माणूस, केस पिकलेले. त्यानं मला ओळखलं नाही, तिला ओळखलं. मी कोरा कागद मागून घेतला आणि तिसरीतल्या अक्षरात, वेळ लागला तरी, झालं तसं लिहिलं. त्यानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला, "आधी कोण बसतंय?"

मी म्हणालो, "आधी ही. लाल आलं तर लाल लिहा."

ती खुर्चीत बसली. त्यानं ओलं फडकं घेतलं आणि तिचं एकेक बोट पुसायला लागला. माझे हात पुढं व्हायला लागले, तसा मी उठलो आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो.