उजवी पाकळी

दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या गावात महत्त्वाचं काही ठरवायचं असलं की भैरोबाला कौल लावत. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेली झेंडूची एकेक पाकळी चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

लहानपणी मी आजोबांबरोबर जात असे. गाभाऱ्यात ओल्या दगडाचा आणि झेंडूचा वास असे. कधी अर्धा तास जाई, कोणी बोलत नसे. तशी शांतता मला पुढे कुठे मिळाली नाही. विहिरीची जागा आजोबांनी अशीच ठरवली. तिथे नुसता खडक लागला. ते म्हणाले, "देव नाय चुकला. मी जागेचं विचारलं, पाण्याचं विचारलंच नाय."

वडील घासाघीस करत. डावी पडली की प्रश्न थोडा बदलून पुन्हा विचारत.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. लांबवू नका, असंही बजावलं. वडील म्हणाले, आधी कौल. माझी मुलगी नर्स आहे, देव मानत नाही. तरी तिनेच त्यांना गाडीतून देवळात आणलं. मीही बरोबर होतो.

डावी पाकळी पडली.

"झालं. नाय म्हणतोय." वडील उठले.

"आबा, त्याला रिपोर्ट दाखवले का?" मुलगी म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतंय यातलं?"

गुरव आता जुन्या गुरवाचा मुलगा आहे. तो हळूच म्हणाला, "आबा, माझ्या छातीत स्टेंट टाकला ना, तवा मी कौल नव्हता लावला."

"का रे? तू तर रोजचा त्याच्यापाशी."

"भ्या वाटलं. नाय म्हणला असता तर?"

वडील पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "आज नको म्हणला असंल. गुरुवारचं विचार."

गुरवाने या वेळी उजवी पाकळी जवळजवळ कोरडीच लावली. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. हात काढताच ती पडली.

"दिला," वडील म्हणाले. मग गुरवाकडे न बघता माझ्या मुलीला विचारलं, "दवाखान्यात आंघोळ करून जायचं, का तिथं करू देत्यात?"

गुरुवारी ऑपरेशन झालं. चालता येऊ लागल्यावर ते देवळात गेले, नारळ फोडला. विचारलं काहीच नाही.