मेहुण्याच्या खालून

माझा मेहुणा माझ्या पोटावर बसला, तो माझ्याच सांगण्यावरून. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नात्यात ही हकिगत चिपळूणपासून ओमानमधल्या सूरपर्यंत निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते आणि त्यातल्या निम्म्या प्रकारांत आमचं भांडण झालेलं असतं. भांडण अजिबात नव्हतं. सगळं अत्यंत प्रेमाने चाललं होतं. माझ्या बरगड्या वाजल्या त्याही प्रेमानेच!

आम्ही मस्कतला वादी अदाईत राहतो. मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. म्हणजे अडकलेल्या लोकांना बाहेर काढणं हाच माझा पेशा. (हे वाक्य त्या दिवसानंतर मी कुणाला अभिमानाने ऐकवलेलं नाही.) बायको शुभा आणि मुलगी इरा, एवढाच संसार. इरा आठवीत आहे आणि बौशरला जुजुत्सू शिकते. ही जपानातून ब्राझीलला गेलेली आणि तिथून कशी कोण जाणे बौशरला उतरलेली कुस्ती आहे. आपल्याकडे पाठ टेकली की माणूस हरला, अंग झटकून घरी गेला. यांच्याकडे पाठ टेकली की खरा क्लास सुरू!

मला नेमकं तेच बघवत नव्हतं. एकदा मी क्लासला गेलो, तर एक थोराड मुलगी माझ्या लेकीच्या पोटावर बसलेली आणि इराचा चेहरा लालबुंद. मी ओरडलो, "ए, ऊठ तिच्यावरून!" शुद्ध मराठीत. मुलगी इराणी होती. कोच ओमानी, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी छातीवर हात ठेवून, अदबीने मला बाहेर रिसेप्शनवर नेऊन बसवलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. डोळे मिटले की लेक खाली आणि ती मुलगी वर, हेच दिसायचं.

म्हणून त्या शुक्रवारी इराने स्पर्धेचं नाव काढताच मी म्हणालो, "नाही."

"बाबा, स्पर्धा बौशरलाच आहे!"

"कुठेही असो. त्या दिवशी काय अवस्था झाली होती तुझी, बघितलं मी."

"पण मी निघाले ना तिच्या खालून! आणि मग मी वर होते. तू बघितलं नाहीस. तुला बाहेर काढलं होतं."

मी आवाज चढवला. "हे सगळं क्लासमध्ये ठीक आहे. खरोखरचा वजनदार माणूस वर बसला, तर कुणी निघत नाही."

वजनदार माणूस समोरच फरसाण खात होता. शुभाचा भाऊ नंदू. सूरला मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि सुट्टीला आमच्याकडे येतो तो बर्फाच्या पेटीत ताजी कोळंबी घेऊनच. वजनाने शंभर किलोला टेकलेला, पण स्वभावाने लोणी.

"मामाच्या खालून निघून दाखव," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून शुभाचा आवाज आला, "खबरदार! नंदू, पोरीवर बसलास तर जेवायला मिळणार नाही!"

"मी काय केलं, ताई?" नंदू दचकून म्हणाला.

इराने थोडा विचार केला. "मग बाबा खाली झोपेल आणि मी त्याला सांगेन कसं निघायचं. बाबा निघाला तर मी स्पर्धेला जाणार. चालेल?"

चालेल? धावेल! मला फक्त पडून राहायचं होतं आणि न निघून दाखवायचं होतं. न निघण्यात मी वाकबगार आहे; दर सकाळी अंथरुणात तेच करतो. मी लगेच गालिच्यावर आडवा झालो.

"भावोजी, बसू ना?"

"बस रे, बिनधास्त!"

तो बसला. माझ्या तोंडून जो आवाज आला, तो मराठी नव्हता.

इरा माझ्या कानाशी गुडघे टेकून बसली. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात फक्त मराठी बोलायचं, हा माझा कडक नियम. मागे गावी गेलो होतो तेव्हा इराने माझ्या मोठ्या बहिणीला, "आत्या, तू अजिबात जुनी दिसत नाहीस," असं मनापासून सांगितलं होतं, तेव्हापासूनचा. त्यामुळे ती बिचारी क्लासमधला एकेक शब्द डोक्यात भाषांतर करून सांगायला लागली.

"बाबा, पहिलं कोळंबी कर."

"करतेय गं! सोलून तर होऊ दे!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"आई, तू नाही! बाबा!"

"बाबाला चहा येत नाही धड, कोळंबी कुठली!"

मी ठरल्याप्रमाणे जरा हातपाय हलवले, चेहरा पाडला आणि म्हणालो, "नाही बुवा जमत. हरलो. ऊठ नंदू."

नंदू उठायला गेला. अर्धा उठला. मग त्याचे डोळे मोठे झाले, "आई गं!" असा आवाज आला आणि अख्खा माणूस माझ्यावर पालथा कोसळला. त्याच्या कंबरेत उसण भरली होती!

आता नंदूची छाती माझ्या तोंडावर, त्याचा एक हात माझ्या मानेखाली, आणि माझ्या नाकात बर्फाच्या पेटीचा वास. शुभा कोळंबीने माखलेल्या हातांनी धावत आली. तिने त्याची कॉलर ओढली, तो किंचाळला. पाय ओढला, आणखी मोठ्याने किंचाळला. "हात लावू नकोस, ताई! मरतो मी!"

"तू नाही मरत," मी त्याच्या बगलेतून म्हणालो. "मी मरतोय."

दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरचे दाऊदभाई आत डोकावले. मूळचे राजापूरचे, रुवीत कापडाचं दुकान आहे. जुम्म्याची नमाज पढून आलेले, पांढरेशुभ्र, अत्तराचा घमघमाट. "काय ओ वहिनी, आमचा पंखा हलला वरनं... सुभानल्ला!"

"उसण भरलीये भावाला," शुभा रडवेली होऊन म्हणाली.

"आणि खाली कोण हाय?"

"मी," मी म्हणालो.

दाऊदभाईंनी परिस्थितीची सगळ्या बाजूंनी पाहणी केली. "मी पाय धरतो, वहिनी, तुम्ही डोकं धरा. यल्ला, चला!" आम्ही दोघे एकदम "नको!" म्हणून ओरडलो. मग त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सचं सुचवलं. माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: आम्ही दोघे एकावर एक, एकाच स्ट्रेचरवर, मीच देखभाल करतो त्या लिफ्टमधून उतरतोय आणि वॉचमन सलाम करतोय. मी जिवाच्या आकांताने नंदूला ढकलायला लागलो. तो तसूभर हलला नाही. श्वास मात्र संपत आला.

"बाबा, ढकलू नको," इरा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता.

"मग काय करू!"

"तू घाबरलास. घाबरलं की श्वास संपतो, मग वरचा माणूस अजून जड लागतो. तू फोनवर लिफ्टमधल्या लोकांना काय सांगतोस?"

"...शांत राहा. दार ढकलू नका."

"मग?"

मी ढकलायचं थांबवलं. नाकाने हळूहळू श्वास घेतला. आणि काय सांगू, नंदू खरोखर थोडा हलका झाला!

"गुड. म्हणजे, छान. आता कोळंबी. पाठीवर नाही राहायचं, कुशीवर वाकायचं, कोळंबीसारखं." दाऊदभाईंनी मला समजावं म्हणून तर्जनी वाकवून दाखवली. पण नंदूच्या खाली खऱ्या कोळंबीलाही वाकायला जागा नव्हती.

"मग पूल कर," इरा म्हणाली.

"पूल?" नंदू माझ्या खांद्यातून कण्हला. "मला इथून हलता येत नाही आणि तुम्ही पोहायला कुठे निघालात?"

"तो पूल नाही, मामा! ज्याच्यावरून गाड्या जातात तो! बाबा, आधी मामाचा हात घट्ट मिठीत धर. तुझ्या पायाने त्याच बाजूचा त्याचा पाय अडकव. म्हणजे त्याला तिकडे हात-पाय टेकता येणार नाही. धरलास? आता तुझं ते वर उचल."

"माझं कुठलं?"

"ते... ज्याच्यावर बसतात ते!"

"खुर्ची?" दाऊदभाई मदतीला धावले.

"ढुंगण गं, ढुंगण!" शुभा ओरडली. "बाई, तू सरळ इंग्लिशमध्ये सांग आता!"

"घरात मराठी," इरा म्हणाली. (माझीच मुलगी!) "बाबा, ढुंगण वर, एकदम जोरात, आणि अडकवलेल्या बाजूच्या खांद्यावरून वळ. आई, तिकडे उशा ठेव. मामा, तू सैल राहा."

आणि एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी निघालो तर पैज हरणार. मी डोळे वर करून इराकडे पाहिलं. एवढ्या गोंधळात तिचा हात माझ्या कपाळावर होता आणि ती माझ्या श्वासाकडे लक्ष ठेवून होती. पैज गेली खड्ड्यात. मी टाचा रोवल्या, नंदूचा हात कवटाळला आणि आयुष्यात पहिल्यांदा पूल झालो.

छत दिसलं, पंखा दिसला, दाऊदभाईंची दाढी दिसली, मग गालिचा. नंदूच्या कंबरेतून "कट्" असा आवाज आला. बघतो, तर नंदू खाली आणि मी वर!

"भावोजी," नंदू खालून चकित होऊन म्हणाला, "गेली! उसण गेली!"

"इन्शाल्ला," दाऊदभाई सावधपणे म्हणाले.

शुभाने डोळ्यांना पदर लावला, तो कोळंबीच्या हाताने, त्यामुळे ती नंतर बराच वेळ रडत राहिली. इरा मात्र हात मागे बांधून उभी होती. "बाबा, तू निघालास. मी जाणार ना?"

"जा," मी मेहुण्याच्या छातीवरून हुकूम सोडला आणि विजयी वीरासारखा ताडकन उठलो. म्हणजे उठायला गेलो. माझ्या कंबरेतलं काहीतरी शांतपणे आपली जागा सोडून निघून गेलं.

स्पर्धेच्या दिवशी मी हॉलमध्ये मुद्दाम पुढच्या रांगेत बसलो. इराच्या पोटावर एक उंच मुलगी बसली. माझ्या तोंडापर्यंत आलेली आरोळी मी गिळली, नाकाने श्वास घेतला आणि बघत राहिलो. इरा पडल्या पडल्या काही क्षण नुसती स्तब्ध होती. मग तिने हात धरला, पाय अडकवला, पूल केला, आणि पापणी लवायच्या आत ती वर होती! पुढच्या फेरीत ती हरली, पण मी तिच्या आईला फोनवर फक्त पहिलीच फेरी सांगितली, दोनदा.

शेजारी बसलेले एक ओमानी गृहस्थ हे सगळं पाहत होते. टाळ्या वाजवताना माझा शर्ट वर गेला आणि आतला मेडिकलमधला रुंद, काळाकुट्ट कमरेचा पट्टा त्यांच्या नजरेला पडला. ते आदराने जरा सरकून बसले.

"माशाल्ला," ते म्हणाले. "ब्लॅक बेल्ट?"

मी नम्रपणे मान हलवली. मानेखालचं दुसरं काहीच हलत नव्हतं.