तिसऱ्या गिअरचं रडणं

श्रावण मिस्त्रीला अलीकडे खाली बसलं की उठताना समोरच्या गाडीचाच आधार लागायचा. आसगावच्या बसथांब्याजवळ पस्तीस वर्षं तो गाड्यांचे आवाज ऐकत आला होता. पेचकसाचं टोक इंजिनला, मूठ कानाच्या हाडाला, डोळे मिटलेले. वरून चटचट म्हणजे टॅपेट. बाजूला खरखर म्हणजे टायमिंगची चेन. खालून ठक्क ठक्क आलं, तर घरी जाऊन बायकोला सांगून या, इंजिन उघडावं लागणार. दुसरे आधी उघडतात, मग विचार करतात; श्रावण आधी ऐकतो. त्यानं उगाच इंजिन उघडलं असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. आयुष्याची कमाई म्हणाल तर एवढीच, आणि तिचा ताठाही तेवढाच.

त्याला दमवलं ते कैलाशच्या वीस वर्षं जुन्या मोटरसायकलनं. पहिल्यांदा आवाज करत आली तेव्हा त्यानं चेन बदलली. दुसऱ्यांदा क्लचप्लेटा. आवाज होता तिथंच. आज कैलाश तिसऱ्यांदा आला आणि गाडीवरून न उतरताच बोलला.

“श्रावणभाऊ, आज सापडलं तं सापडलं. नाई तं उद्या पवनीले नेऊन राहिलो. तिथला मिस्त्री म्हनते, पुरं इंजिनच बदला.”

“त्याले ऐकू येते का बे?”

“तुमाले तरी कुठी येऊन राहिलं?”

मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली सुंदरबाई, श्रावणची बायको, फिस्सकन हसली. श्रावणला ते हसू झोंबलं. गाडी पवनीला गेली की दोन दिवसांत गावभर होणार: श्रावणचे कान गेले. मग कोण येतं इथं?

त्यानं गाडी स्टँडवर घेतली, पेचकस लावला. न्यूट्रलमध्ये गुमान. क्लच दाबला, सोडला; काही नाही. गुडघे मात्र बोलले.

“सरक मांगं. मी चालवतो.”

तलावाच्या पाळीवरून दोघं निघाले. पहिला गिअर ठीक. दुसरा ठीक. तिसरा टाकला आणि पायाखालून आवाज उठला, कूंऽऽ, मधूनच टक्‌. चौथा टाकला, गप्प. पुन्हा तिसरा. कूंऽऽ. श्रावणला स्वतःचीच चीड आली. दोन्ही वेळा उभ्या गाडीला कान लावून बसला होता. चालवून पाहायचा आळस केला होता.

परत येऊन त्यानं तेल काढलं. काळंकुट्ट, पाण्यासारखं पातळ. तळहातावर घेऊन उन्हात धरलं, तर बारीक चांदीसारखा चुरा चमकला. तिसऱ्या गिअरचे दात झिजले होते. पण एकटा तिसराच काहून? रस्त्यावर गाडी चौथ्यातच जास्त धावते. उठायला म्हणून त्यानं मागच्या चाकाला हात दिला आणि हात तिथंच थांबला. टायरच्या मधोमध दोन बोटं रुंद पट्टा घासून गुळगुळीत झाला होता.

तो पट्टा त्याच्या ओळखीचा होता. तो पाडणारी पुली त्याच्याच दुकानाच्या दारात टांगलेल्या पंख्याला होती. चार वर्षांमागं ऐन चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत वारा पडला, धान उडवायला हवाच नाही. तेव्हा त्यानंच जुन्या कूलरचं पातं घेऊन पंखा बनवला होता. गाडी स्टँडवर चढवायची, मागच्या टायरला पुली टेकवायची, गाडी चालू करून गिअर टाकायचा, की पातं फिरायला लागतं. गाव पाहायला लोटलं होतं, आणि पुढं घरोघरी तसेच पंखे झाले होते.

“यंदा धानाचे किती पुंजने उडवले या गाडीवर?” त्यानं हळूच विचारलं.

“आपले चार, सासऱ्याचे सहा. दिवस-दिवस चालू होती.” कैलाश खुशीत आला. “पन तुमच्या बोलन्याच्या बाहेर नाई गेलो हो भाऊ. पहिल्या-दुसऱ्यात हवा कमी, चौथ्यात दानाही उडून जाते, तिसऱ्यावरच ठेवा. तुमीच सांगतलं होतं नं?”

सांगितलं होतं. पंखा दाखवताना, छाती काढून, सगळ्यांसमोर. उभी गाडी तापते, तिच्यावर वारा येत नाही, तेल जळून पातळ होतं आणि तेच तेल गिअरबॉक्समध्ये फिरतं, हे मात्र सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा सुचलंच नव्हतं.

गाडी म्हातारी झाली म्हणता आलं असतं. कैलाशनं मान डोलावली असती. श्रावणनं तळहातावरचा चुरा चिंधीला पुसला.

“इंजिन चांगलं आहे,” तो म्हणाला. “तिसऱ्या गिअरची जोडी गेली. तुही चूक नाई, गाडीचीबी नाई. माही अक्कल होती ती.”

कैलाशनं दारातल्या पंख्याकडे पाहिलं. “म्हंजे, ज्यांनी ज्यांनी पंखा लावला...”

“हो.”

श्रावणनं स्टूल ओढलं आणि दारातला पंखा काढायला घेतला.

“काहून काढून राहिले?” सुंदरबाई ओट्यावरून ओरडली. “पुढल्या साली हवा पडली तं?”

तेवढ्यात समोरच्या रस्त्यानं कोणाची तरी गाडी आली. कूंऽऽ, टक्‌, कूंऽऽ. चालवणाऱ्यानं लांबूनच हात केला, चौथा गिअर टाकला, आणि आवाज बंद झाला. श्रावण पंखा कवटाळून स्टुलावरच उभा होता. उतरायला धरायचं म्हटलं, तर कैलाशची गाडीही हातापासून लांब होती.