कुऱ्हाड नव्हती, टोपली होती

आम्हाला आमचंच जंगल दाखवायला माणूस लागतो, हे अभयारण्य झाल्यावर आम्हाला कळलं. आणि तो माणूस मी होतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव साकोलीच्या पलीकडे. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. गावातला पहिला बी.एस्सी. मी. बापाला सही येत नव्हती, मायला शेवटपर्यंत आली नाही, आणि मी भंडाऱ्याला खोली करून प्राणिशास्त्र शिकलो. कमावलेलं सांगायला लाजायचं कशाला? शिकून परत आलो आणि शेजारच्या मोठ्या गावात हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालो.

त्याच सुमारास आमच्याकडे एक नवे वन अधिकारी बदलून आले. पुण्याकडचे. बोलणं स्वच्छ, बूट त्याहून स्वच्छ. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना जंगलाबद्दल प्रेम वाटलं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. आधी आम्हाला जे वाटत होतं ते त्यांच्या हिशेबी प्रेम नसावं. त्यांनी निसर्ग फेरी सुरू केली. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी फाटकापासून तलावापर्यंत पायी जायचं, वाटेत झाडं, पाखरं, पावलांचे ठसे बघायचे. एक रविवार गावच्या लोकांचा, एक बाहेरून येणाऱ्यांचा.

"मास्तर, तुम्ही इथले आणि वर शिकलेले," साहेब मला म्हणाले. "असा माणूस शोधून सापडत नाही."

मी खूश झालो, का होऊ नये? मला हिरवी टोपी मिळाली, शर्टावर लावायला पितळी बिल्ला मिळाला. ज्या फाटकातून माझ्या गावच्या बाया सरपणाची काटकीसुद्धा आणू शकत नव्हत्या, त्यातून मी बिल्ला लावून आत जात होतो.

पहिल्या फेरीला गावचे लोक आले ते मजा बघायला.

"काय गा मास्तर, सांबर दाखवाले आनलं का आमाले?" आमच्या शेजारचा म्हातारा मोठ्याने म्हणाला. "रोज माझ्या बांधीत धान खाते ते. त्यालेच माहा चेहरा दाखव ना एकडाव."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एका झाडापाशी थांबून मी विचारलं, हे कोणतं? तर एक जण म्हणाली, "काहून जी गुरुजी, तुमाले नाई माहीत? कालेजात नाई शिकवलं का?"

पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून ऐकायला लागले. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून चारा घालतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. का लिंपून घेते, किती काळ आत राहते, तिची पिसं तेवढ्यात कशी झडतात, हे मी त्यांच्याच बोलीत सांगितलं. तोच म्हातारा म्हणाला, "बाळंतपनाले नवरा असा पाह्यजे रे बा." त्या दिवशी मला वाटलं, आपलं शिक्षण गावाच्या कामी आलं. तसं पुन्हा फार वेळा वाटलं नाही.

फेरीचा नियम साहेबांनी घालून दिला होता. जंगलात काही टाकायचं नाही, जंगलातून काही न्यायचं नाही. तो नियम पहिल्याच फेरीत मोडला. तलावाच्या अलीकडे वाट वळते तिथे मोहाची जुनी झाडं आहेत, आणि वाटेच्या कडेला दगडांचा ढीग होता. गावच्या लोकांनी तिथे पोचताच न बोलता एकेक दगड उचलला, ढिगावर ठेवला आणि पुढे गेले. मीही ठेवला.

आमच्याकडे वाघाने माणूस मारला की त्या जागी दगड मांडतात. पुढे जो कोणी त्या वाटेने जाईल त्याने एक दगड वर ठेवायचा. म्हातारे सांगत, मेलेला माणूस वाघाच्या पाठीवर बसतो आणि वाघाला पुढचं माणूस दाखवतो. दगड ठेवला की तो खाली उतरतो. माय तसं सांगत नसे. ती म्हणे, "त्याले एकटं नाई वाटलं पाह्यजे."

कारण तो ढीग माझ्या बापाचा होता.

मी तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत होतो. चैत्रात मोह गळतो. पहाटे लवकर गेलं नाही तर फुलं हरणं खाऊन टाकतात, म्हणून बाबा अंधार असतानाच टोपली घेऊन गेले होते. अभयारण्य वगैरे काही नव्हतं. आमच्या गावच्या प्रत्येक घराची झाडं ठरलेली होती. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला चारपायी जनावरासारखा दिसतो. हे मला पुढे कळलं, आणि कळल्याने बरं वाटलं असं नाही. गावच्या लोकांनी डबे बडवत जाऊन बाबांना आणलं. अर्धी भरलेली टोपली मागून कोणीतरी आणली. त्यानंतर माय लोकांच्या बांध्यांत रोवणे करायला, धानाची रोपं लावायला जाऊ लागली, आणि त्या पैशावर मी कॉलेजात गेलो.

पहिल्या फेरीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "हे दगड कशाला टाकतात?" मी सगळं सांगितलं. माझा बाप, हेसुद्धा सांगितलं. साहेबांनी टोपी काढली. मला ते आवडलं. मग म्हणाले, "मास्तर, ही जागा आपल्या फेरीत असलीच पाहिजे. लोकांवर परिणाम होतो."

झाला परिणाम. बाहेरून येणारे लोक तोवर पेंगुळलेले असत, त्या ढिगापाशी जागे होत. मी इतकंच सांगे की इथे मोह वेचणाऱ्या एका माणसाला वाघाने मारलं, आणि जंगलात का वाकू नये ते समजावत असे. कोणाचा बाप ते सांगत नसे. बायका "अगंबाई!" म्हणत. कोणी विचारी, "इथेच? अगदी इथेच?" नागपूरहून आलेल्या एका गृहस्थाने ढिगावर पाय ठेवून फोटो काढून घेतला. "पाय काढा," मी म्हणालो. त्याने काढला, पण फोटो निघाल्यावर.

मग एका हिवाळ्यात वरून कोणी मोठे पाहुणे यायचे होते. साहेबांना फेरीत गावच्या बाया हव्या होत्या, स्थानिक लोक सहभागी होतात हे दिसायला पाहिजे म्हणून. मी घरोघर सांगितलं. माय कधी आली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "मीबी येतो. कितीक दिवसाची तिकडं गेली नाई." फाटक झाल्यापासून फेरीशिवाय तिथे जायलाच मिळत नव्हतं.

मोहाच्या झाडांपाशी पोचलो. मी तोंड उघडणार तर साहेब पुढे झाले. पाहुणे होते ना, आज स्वतः सांगायचं होतं. ढिगाकडे हात करून म्हणाले, "ही जागा आम्ही लोकांना मुद्दाम दाखवतो. एक लाकूडचोर होता. रात्रीच्या वेळी कुऱ्हाड घेऊन झाड तोडायला आला. जंगलाने त्याला शिक्षा दिली. तेव्हापासून गावचे लोक इथे दगड टाकतात. म्हणजे त्यांनाही ते पटलेलं आहे."

पाहुण्यांनी मान डोलावली. गावच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मला आधी वाटलं, साहेब दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगताहेत. तेवढ्यात माय बायांतून पुढे आली.

"साहेब, कुऱ्हाड नोती जी त्याच्याजवळ," ती म्हणाली. "टोपली होती."

"या कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

"मी त्याची बायको होय जी."

साहेब हसले. रागावले नाहीत, हसले. "आजी, ती एक गोष्ट आहे. बोध घ्यायचा असतो त्यातून."

"बोध घ्या ना. पन टोपली होती."

मायने दगड उचलला आणि ठेवला. तिच्यामागे सगळ्या बायांनी ठेवले. पाहुणे वाट बघत उभे राहिले, आणि साहेब त्यांना वरच्या फांदीवरचा हळद्या पक्षी दाखवायला लागले. तो हळद्या नव्हता, पण ते जाऊ द्या.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर मी साहेबांना गाठलं. "मी तुम्हाला खरं काय ते सांगितलं होतं."

"मास्तर, बसा. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळेल. मोह वेचणारा म्हटलं की लोकांना कीव येते. उद्या म्हणतील, बिचाऱ्यांना वेचू द्या. चोर म्हटलं की प्रश्न मिटतो."

"तो माझा बाप आहे."

"नाव थोडंच घेतो आपण?"

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? ढीग कोणाचा ते गावाला माहीत आहे."

"मग गावाला खरंही माहीत आहे. तुमचं काय बिघडलं?" आणि मग अगदी समजुतीने, "पुढच्या फेरीपासून तुम्हीही असंच सांगा. दोघांचं वेगवेगळं नको."

मी बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. टोपीही ठेवली. आपण खूप मोठं काही केलं असं मला सायकलवरून घरी येईपर्यंत वाटत होतं. माझ्या जागी साकोलीचे एक बँकेतले कारकून आले. पाखरांची हौस असलेला, गोड गळ्याचा माणूस. मी सांगत होतो त्यापेक्षा ते चांगलं सांगत, असं लोक म्हणत. लाकूडचोराची गोष्ट तर फारच चांगली सांगत. त्यांच्या तोंडी चोराला मिशा आल्या, साथीदार आले.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे बोर्ड लागला. पिवळ्यावर काळी अक्षरं: सावधान, याच ठिकाणी लाकूडचोरी करणारा इसम वाघाच्या हल्ल्यात ठार झाला. बोर्डाखाली ओटा बांधला होता, आणि तो ढिगातलेच दगड वापरून बांधला होता. शेजारी लहानसा दुसरा बोर्ड: वाटेवर दगड टाकू नयेत.

मी वरच्या ऑफिसात अर्ज केले. स्वतःही गेलो. मला खुर्ची दिली, चहा दिला. "बोर्डावर कोणाचं नाव नाही, त्यामुळे बदनामीचा प्रश्न येत नाही," असं सांगितलं. साहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, मी यायच्या आधीचा बोर्ड आहे. गावचे लोक म्हणत, "जाऊ दे ना गा मास्तर. आपल्याले माहीत हाय ना." पण ज्यांना माहीत होतं ते म्हातारे एकेक करून गेले. सांबराला चेहरा दाखवायला निघालेला तो म्हाताराही गेला. नव्या पोरांना बोर्ड माहीत होता.

ऐंशीचं दशक सरत आलं असेल. शाळांना हुकूम निघाला की मुलांना निसर्ग फेरीला न्यायचं. माझी मुलगी गावच्या शाळेत पाचवीत होती. मी हायस्कुलातून घरी आलो तर ती ओसरीत आजीपुढे बसून हातवारे करत सांगत होती.

"आजी, असा मोठा चोर होता! कुऱ्हाड घेऊन आला. वाघ झाडामागं बसला होता, अन् एका झपाट्यात..."

माय धान पाखडत होती. सूप थांबलं नाही. "मंग?" तिने विचारलं.

"मंग मेला तो. बरं झालं ना आजी?"

"तुमी तिथं काय केलं?"

"काई नाई. बोर्ड वाचला अन् पुढं गेलो. दगड ठेवाले मनाई हाय."

मी चप्पल काढत होतो. मायने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली: नको. पोरगी आत पाणी आणायला गेली तेव्हा हळूच म्हणाली, "तिले सांगू नको बापू. शाळेत चिडवतीन तिले."

मी सांगितलं. तिथेच, ओसरीत, पोरीला समोर बसवून. तो चोर नव्हता, तुझा आजोबा होता, मोह वेचायला गेला होता. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बोर्डावर तसं काहून लिहिलं हाय?" मी म्हणालो, खोटं लिहिलं आहे. सरकारी बोर्डावर खोटं लिहिलेलं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात उभं राहून सांगितलं. माझ्यावर गेली होती ती. अख्ख्या वर्गाने ऐकलं आणि त्यातलं जेवढं घ्यायचं तेवढं घेतलं. सुट्टी होईपर्यंत ती चोराची नात झाली होती. महिनाभर ती शाळेला जाताना रडत गेली. माय मला एक शब्द बोलली नाही. ती तिला शाळेपर्यंत पोचवून येत असे, आणि दुपारी आणायला जात असे.

मी सांगितलं ते योग्यच केलं, असं मी आजही म्हणतो. बापाला चोर म्हणू देणारा मी नव्हे.

मुलगी शिकली, माझ्याहून जास्त शिकली, लग्न होऊन दूर गेली. तिच्या सासरी एकदा जेवताना विषय निघाला, कोणाचे आजोबा कसे गेले त्याचा. मी पानावर होतो. मी बोलायच्या आत ती म्हणाली, "माझे आजोबा तापाने गेले." आणि मला भात वाढला. तापाने गेलेल्या माणसाबद्दल कोणी पुढे काही विचारत नाही.